आरशात कोणी दिसता कामा नये

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आरशांची चित्रे करते. चित्रे म्हणजे कुंचल्याने रंगवलेली नव्हेत. तिच्या आईने घडवलेले आरसे ती फोनवर टिपते, मग संगणकावर त्यांच्यामागे रंग भरते, वर ठसठशीत अक्षरे बसवते आणि ती चित्रे समाजमाध्यमांवर टाकते. ती पाहून लोक त्यांच्या ऑनलाइन दुकानात शिरतात व आरसे मागवतात. या दुकानाला दार नाही, फळी नाही, कुलूप नाही. चित्रे हेच दुकान. चित्र साधले तर दुकान उघडे आणि चित्र फसले तर दुकान बंद, असे ती म्हणते, व ते खरे आहे.

घरात तिला सगळे ठिपकी म्हणतात. लहानपणी तिच्या हाती खडू आला की ती पाटीवर, भिंतीवर, एवढेच काय, दुपारी आडव्या झालेल्या बापाच्या तळपायावरही एकेक ठळक ठिपका देऊन ठेवी. हे काय करतेस असे विचारले तर सांगे की सगळ्यांनी इथे बघायचे आहे. मोठेपणी तिने जो धंदा पत्करला, त्याची व्याख्या तिने तेव्हाच करून ठेवली होती, असे मला आता वाटते.

तिच्या आईला मी या लेखात धाकटी म्हणेन, कारण जन्मभर तेच म्हणत आले आहे. धाकटीविषयी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. तिला दिसण्याची हौस होती. सुंदर दिसण्याची नव्हे, नुसते दिसण्याची. आम्ही लहान असताना कोठे फोटो काढणारा उभा राहिला की धाकटी मागच्या रांगेतून कोपरांनी वाट काढीत पुढे येई आणि थेट मधोमध बसे. मी त्याच फोटोंत कडेला असे, आणि बहुधा माझे डोळे मिटलेले असत. वडील म्हणत, "हिला फोटोत घेऊ नका म्हटलं तरी ही फोटोवाल्याच्या घरी जाऊन बसेल." धाकटीला या बोलण्याचा राग येत नसे. आपली कीर्ती पसरली, असेच ती मानी.

धाकटीचे लग्न काच कापणाऱ्याशी झाले. आमचे हे मेहुणे शांत गृहस्थ होते. रस्त्याच्या वळणावर त्यांचे अरुंद दुकान होते. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, खिडक्यांत काचा चिकटवण्याच्या लुकणाचा वास, आणि पायाखाली सदैव कचकचणारा काचेचा बारीक चुरा. पुढे लोक तयार खिडक्या घेऊ लागले, दुकानात येणारी पावले कमी झाली, आणि मेहुण्यांची छाती काचेच्या धुळीने आधीच पोखरलेली होती. ते गेल्यावर दुकानाची जागा सोडावी लागली. घरी आल्या त्या आरशाच्या मोठ्या काचा. त्या कोणी विकत घेईना आणि टाकवतही नव्हत्या.

धाकटीने त्यांचे काय केले, तर एका ओळखीच्या काचवाल्याकडून त्या गोल कापून घेतल्या. प्रत्येक गोलाभोवती तिने लाकडी कडे बसवले आणि त्या कड्यावर जाड सुती दोर गुंडाळून गाठींची नक्षी केली. दोर ती घरीच रंगवी. गाठी अशा बसवी की दोर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे नखानेसुद्धा सापडू नये. पहिला आरसा तिने मला दिला. तो आजही माझ्या दाराशी आहे. ती म्हणाली, "ताई, यात रोज बघत जा. आता तरी डोळे उघडे ठेव."

ठिपकी त्या काळात एका छापखान्यात कामाला होती. दुकानांच्या पाट्या, पत्रिका, औषधांच्या वेष्टनांवरील मजकूर, असे सगळे ती संगणकावर जुळवी. छापखान्याचे मालक कामाला कडक, परंतु शिकवण्यात कंजूष नव्हते. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा त्यांनी तिला सांगितले की लोक फोनवर अंगठ्याने सारखे वर ढकलीत राहतात, तो अंगठा थांबला पाहिजे. अंगठा थांबला की डोळा थांबतो, डोळा थांबला की मन थांबते, आणि मन थांबले की हात खिशाकडे जातो. ज्या अंगठ्याने मी, उशिरा अक्षरे शिकेपर्यंत, निम्मे आयुष्य सहीच्या जागी ठसे उमटवले, त्या अंगठ्याला जगात एवढी किंमत आहे हे मला ठाऊक नव्हते.

मालकांचे बाकीचे नियमही ठिपकीने पाठ केले. एका चित्रात एकच गोष्ट मोठी असावी. अक्षरे थोडी असावीत. कडेला मोकळी जागा ठेवावी, म्हणजे डोळ्याला श्वास मिळतो. आणि जी गोष्ट विकायची आहे तिच्याहून अधिक लक्ष वेधणारे चित्रात काही असू नये. विशेषतः माणसाचा चेहरा, कारण माणूस आधी चेहरा बघतो आणि वस्तू मागून. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा. पुढचे सारे त्यातूनच घडले.

आईचे आरसे ऑनलाइन विकायचे असे ठरवून ठिपकीने छापखाना सोडला, आणि लगेचच तिच्या लक्षात आले की जगातली कोणतीही वस्तू टिपता येते, आरसा मात्र टिपता येत नाही. आरसा स्वतः दिसतच नाही. त्याच्या समोर जे असेल ते दिसते. पहिल्या चित्रात आरशात छताचा पंखा आला. दुसऱ्यात दोरीवर वाळत घातलेले कपडे आले. तिसऱ्यात खुद्द ठिपकी आली, तोंडासमोर फोन धरलेली आणि कपाळाला आठी घातलेली. समोर शिवणकाम करणारी शेजारीण राहते. तिने पंख्याचे चित्र पाहून अगदी गंभीरपणे विचारले की पंखा आरशाबरोबरच मिळणार की वेगळा मागवावा लागेल. धाकटी त्यावर कित्येक दिवस हसत होती. ठिपकी हसली नाही.

शेवटी तिने युक्ती काढली. आरसा भिंतीवर टांगायचा, आपण बाजूने तिरके उभे राहायचे, आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी पांढरी चादर ताणून धरायची. मग आरशात केवळ पांढरे दिसते, आणि त्या पांढऱ्यावर संगणकात फिकट आभाळी छटा व एक तिरपी झळाळी दिली की आरसा आरशासारखा भासतो. चादर दोरीला बांधून पाहिली, परंतु तिला सुरकुत्या पडत आणि त्या आरशात पट्ट्यांसारख्या उमटत. शिवाय घरात एकच खिडकी. ऊन सरकले की चादरही तेवढीच कलती करावी लागे. तेव्हा चादर धरायला जिवंत माणूस हवे होते, आणि घरात धाकटीशिवाय दुसरे कोण होते?

धाकटी बुटकी. चादर उंच धरायची म्हणून ती हात डोक्यावर नेई, टाचा उचली, आणि तरीही चादर मध्ये झोल खाऊन खाली येई व तिच्या वरच्या काठावरून धाकटीचे कपाळ आणि डोळे डोकावत. चित्र काढून झाले की ठिपकी संगणकासमोर बसे आणि आरशातले ते कपाळ, ते डोळे, काठ धरलेली बोटे नीट पुसून टाकी. पुसण्याचे हे काम बारीक होते. आजूबाजूचा पांढरा रंग उचलून चेहऱ्यावर थेंबाथेंबाने पसरायचा, जोवर तेथे कोणी होते अशी शंकाही उरणार नाही. मी शेजारच्याच गल्लीत राहते, त्यामुळे हे मी पुष्कळदा पाहिले. ठिपकीचा हात त्या कामात इतका सफाईदार झाला होता की बोलता बोलता तिची आई नाहीशी होई.

एकदा धाकटी तिच्या खांद्यामागून हे बघत होती. ती म्हणाली, "अगं, एकदा राहू दे की मला आत."

"आई, आरशात कोणी दिसता कामा नये," ठिपकी म्हणाली. "दुसऱ्याचं तोंड दिसलं तर गिऱ्हाईक स्वतःचं कुठं बघणार?"

"ऐकलंस ना ताई? मीच केलेल्या आरशात मलाच मनाई."

ती हसत म्हणाली, म्हणून आम्हीही हसलो. धाकटी पुढेही हे मागणे अधूनमधून करी. कधी थट्टेने, कधी गाठ मारता मारता सहज. ठिपकी दर वेळी तेच उत्तर देई. हातच्या कांकणाला आरसा कशाला असे आपण म्हणतो. परंतु हातानेच आरसा करणाऱ्या बाईने आपले तोंड कोठे बघावे, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही.

दुकान चालू लागले. ठिपकीची चित्रे खरोखर डोळ्यांत भरत. मागे गडद मोहरी रंग, मध्ये एकच गोल आरसा, आणि खाली दोनचार शब्द. नव्या मालाच्या एका चित्रात तिने लहानमोठे तीन आरसे एकत्र टांगले आणि वर लिहिले, "भिंतीला डोळे द्या." हे शब्द मला फार आवडले. सगळ्यांनाच आवडले असावेत, कारण ते चित्र टाकल्याबरोबर त्याखाली पसंतीच्या खुणांची आणि अभिप्रायांची रीघ लागली. धाकटी गाठी मारणे सोडून फोनपाशी येऊन बसली.

त्या अभिप्रायांत एक असा होता: "सगळ्यात छोट्या आरशात कोण आहे? आरशाबरोबर आजीबाई फुकट का?"

ठिपकीने चित्र मोठे करून पाहिले. दोन आरसे तिने नीट पुसले होते. तिसरा, वाटीएवढा, तिच्या नजरेतून सुटला होता. त्यात चादरीच्या वर मान उंचावलेली धाकटी होती. कपाळ आणि डोळेच नव्हेत, पुरता चेहरा. आणि ती हसत होती.

ठिपकीने ते चित्र तत्क्षणी काढून टाकले. मी तेथे बसले होते. तिचे कान लाल झाले होते. छापखान्यात एवढी वर्षे काढलेल्या मुलीच्या हातून कच्च्या माणसासारखी चूक व्हावी आणि ती परक्याने चारचौघांत दाखवावी, याची तिला लाज वाटली. लाज वाटली की माणूस जवळच्यावरच उलटतो.

"तू मान वर का केलीस?"

"मुद्दाम केली," धाकटी म्हणाली. "म्हटलं, बघू तुझ्या नजरेतून सुटते का."

"सुटलीस. सगळ्या जगानं बघितलं."

"मग त्यात वाईट काय झालं?"

"आई, हे दुकान आहे. घरातला अल्बम नाही."

धाकटी उठली आणि आपल्या दोराकडे गेली. ठिपकीने त्या चित्राचा मूळ फोटोही फोनमधून काढून टाकला. तिची ती रीतच होती. काम झाले की मूळ फोटो ठेवायचे नाहीत, फोन भरतो. त्या चित्राखाली लोकांनी आणखी काय काय लिहिले होते ते तिने वाचले नाही. चित्र गेले तसे तेही गेले. पुढे तिला याच गोष्टीची सर्वांत अधिक चुटपुट लागली. थट्टा करणारा एकच होता. बाकीचे काय म्हणत होते, हे आता कोणालाही कळणार नाही.

पुढच्या वेळी फोटो काढायचे ठरले तेव्हा धाकटीने चादर निराळी धरली. तिने ती आपल्या डोक्यावरून घेतली आणि हात वर करून आतच उभी राहिली. आरशात आता एकसंध पांढरे दिसत होते. ना कपाळ, ना डोळे, ना बोटे. आतून तिने विचारले की आता बरोबर आहे का.

"आता कसं झकास," ठिपकी म्हणाली. "पुसायचं कामच उरलं नाही."

हे ती समाधानाने म्हणाली. तिने मला पुढे सांगितले की आईला दुखावण्याचे तिच्या मनातही नव्हते. तिला फक्त काम हलके झाल्याचा आनंद झाला होता. मी तिच्यावर विश्वास ठेवते. परंतु चादर डोक्यावरून घेऊन भिंतीसमोर उभी असलेली माझी बहीण मला त्या दिवसापासून डोळ्यांपुढून हलवता आलेली नाही. पुष्कळ महिने ती तशीच उभी राहिली. उन्हाळ्यात आत घामाघूम होई, तरी चादर खाली घेत नसे. आणि आरशात राहू देण्याविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही.

मग एका सकाळी धाकटी चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या एका कोपऱ्यातून आपोआप सांडू लागले. तिचा अर्धा चेहरा रात्रीतून लुळा पडला होता. एक पापणी मिटेना, एका बाजूचा ओठ हलेना. डॉक्टरांनी सांगितले की चेहऱ्याची नस आहे, हातापायांना भय नाही, पुष्कळांचे पूर्ववत होते. धाकटीचे बरेचसे सुधारले, पूर्ववत झाले नाही. बोलताना तोंड एका बाजूला ओढले जाई, आणि हसताना अर्धेच तोंड हसे. ती स्वतःच म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझा सुंभ नुसता वाकडा झालाय." आम्ही हसलो, परंतु ती आमच्याकडे न पाहता बोलत होती.

तिचे हात शाबूत होते, म्हणून काम थांबले नाही. फरक एवढाच पडला की पूर्वी ती आरसा मांडीवर उताणा ठेवून कड्यावर दोर ओढी. आता ती आरसा पालथा ठेवू लागली. खाली मऊ कापड, त्यावर काचेचे तोंड, आणि वर तिचे हात. पालथ्या आरशावर गाठी बसवणे अवघड असते, सारखे उलटून पाहावे लागते. ती उलटून पाहात नसे. बोटांनी चाचपून घेई.

त्याच सुमारास ज्या ऑनलाइन बाजारात त्यांचे दुकान आहे, तेथून ठिपकीला निरोप आला. हाताने वस्तू घडवणाऱ्यांची काही निवडक दुकाने बाजाराच्या पहिल्या पानावर दाखवायची होती, त्यांत यांचे नाव होते. त्यांना आरसे नको होते, आरसे करणारी हवी होती. ती काम करताना किंवा आपल्या वस्तूसोबत, चेहरा स्पष्ट दिसेल असे एक चित्र पाठवावे, असे त्यांनी कळवले होते.

ठिपकीने घरातले जुने फोटो काढले. लग्नातली धाकटी होती, लहानग्या ठिपकीला कडेवर घेतलेली धाकटी होती, सरकारी ओळखपत्रावरची डोळे वटारलेली धाकटी होती. आरशांबरोबरची धाकटी कोठेच नव्हती. मग तिने स्वतः केलेली सगळी चित्रे एकामागून एक उघडली. शेकडो आरसे होते, आणि प्रत्येकात आभाळी छटा आणि तिरपी झळाळी. त्या प्रत्येकात तिची आई होती; आधीच्यांत तिने ती पुसली होती, नंतरच्यांत आईने स्वतःच चादरीखाली झाकून घेतले होते. संगणकात पुसलेले परत आणण्याची एक कळ असते, परंतु ती त्या बैठकीपुरतीच. चित्र मिटून बंद केले की ती कळही मुकी होते. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती एक चित्र खूप मोठे करून त्याच्या काठाकडे बघत होती. "मावशी, हे नख आहे का गं?" तिने मला विचारले. मी चष्मा पुसून पाहिले. ते नख नव्हते, दोराचा सुटलेला धागा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिने तर कळसा रोज स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने आईला विचारले. मी तेथे होते. खिडकीतून चांगला उजेड येत होता, आणि ठिपकीने सगळ्यात मोठा आरसा पुसून भिंतीला लावून ठेवला होता. ती म्हणाली की आज चादर नको, आज तू आरशाशेजारी उभी राहा, हवे तर बसून राहा, मी एकच फोटो काढते.

धाकटीने दोर खाली ठेवला नाही. "वस्तू दाखव," ती म्हणाली. "तोंड दिसलं की नजर भलतीकडे जाते. तूच म्हणायचीस."

"त्यांना तूच हवी आहेस, आई. आणि मलापण."

ठिपकीचा आवाज खरा होता, आणि मला वाटते धाकटी विरघळत होती. तिने मान थोडी वर केली. लुळ्या बाजूवर ती हात ठेवते, तो हात तिने खाली घेतला. तेवढ्यात ठिपकी बोलली. धीर देण्यासाठीच बोलली. ज्याच्या हातात जन्मभर सुई असते तो प्रत्येक फाटलेले शिवायला जातो, तशी ती बोलली.

"तू काळजी करू नकोस. मी चेहरा सरळ करून घेईन नंतर. कोणाला कळणारसुद्धा नाही."

धाकटीने तिच्याकडे पाहिले.

"म्हणजे परत पुसणारच," ती म्हणाली, आणि हात पुन्हा गालावर ठेवला.

यानंतर ठिपकी पुष्कळ काही म्हणाली. तसे नाही, जशी आहेस तशीच ठेवीन, एक रेघही हलवणार नाही, असे तिने परोपरीने सांगितले. धाकटी रागावली नव्हती. तिने तिला चहा टाकायला सांगितले, आणि उद्या पाठवायच्या आरशांची खोकी बांधून झाली का, हे विचारले. परंतु आरशाशेजारी ती आली नाही. ठिपकीने बाजाराला धाकटीच्या हातांचे चित्र पाठवले. चेहरा हवा होता असे त्यांचे उत्तर आले, आणि पहिल्या पानावर दुसरे कोणाचे तरी दुकान लागले. त्याचे ठिपकीला वाईट वाटले नाही, किंवा त्याचे वाईट वाटण्याइतकी जागा तिच्यात उरली नव्हती.

नवा माल तयार झाला, तेव्हा चादर कोण धरणार हा प्रश्न आला. धाकटी म्हणाली, "ताईला बोलाव. तिला नाहीतरी काय काम आहे?" मी गेले. मी धाकटीहून उंच आहे, आणि माझे खांदे दुखतात म्हणून मला चादर फार वर नेता आली नाही. मला सांगितले तिकडे मी तोंड करून उभी राहिले. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते.

ठिपकी संगणकापाशी बसली आणि तिचा हात सवयीने पुसण्यास निघाला. मग तो थांबला. मी मागून पाहिले. आरशात चादरीच्या वर माझे अख्खे डोके होते. आम्हा बहिणींचे कपाळ एक, भुवया एक, नाकही एकच; लहानपणी शिक्षा एकीची आणि मार दुसरीला असे नेहमी होई. चित्रात मी होते, आणि पुष्कळ अंशी माझी बहीणही होती, जशी ती चेहरा आखडण्यापूर्वी होती तशी. ते आईला दाखवावे की नाही हे ठिपकीला कळेना. धाकटीनेच हात पुढे करून फोन मागितला. ती बराच वेळ बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "हिला तरी राहू दे."

ठिपकीने चित्र तसेच ठेवले. आरशात आभाळ भरले नाही, झळाळी दिली नाही. पांढरी चादर, तिच्यावर माझे डोके, मागे खोलीचे दार आणि खुंटीवरची पिशवी. वर एकही अक्षर लिहिले नाही. छापखान्याच्या मालकांचा एकही नियम तिने पाळला नाही.

ते चित्र तिच्या आजवरच्या कोणत्याही चित्रापेक्षा अधिक लोकांनी पाहिले. अंगठे थांबले, आणि थांबूनच राहिले. अभिप्राय मी धाकटीला वाचून दाखवीत होते. कोणी लिहिले की आरशापेक्षा त्यातल्या काकू आवडल्या. कोणी लिहिले की आमच्या आईची आठवण झाली. कोणी विचारले की हे आरसे याच करतात का. कोणीही थट्टा केली नाही. ठिपकी ऐकत उभी होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. जो नियम तिने एवढी वर्षे आईपेक्षा मोठा मानला, तो खोटा ठरत होता. तोही अशा वेळी की त्याचा काही उपयोग नव्हता. लोकांनी थांबून पाहिलेला चेहरा चुकीच्या बहिणीचा होता.

तिने उत्तर लिहिले: "या माझ्या मावशी. आरसे माझी आई करते."

त्यावर लगेच कोणीतरी लिहिले, "मग आईला दाखवा ना." मी तेही वाचले. न वाचता पुढे जाणे मला योग्य वाटले नाही.

धाकटीने पालथ्या आरशाच्या कड्यावर दोर ओढला, गाठ मारली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "आई कामात आहे."

ठिपकीने ते तसेच लिहिले.

आता चादर मीच धरते. दर वेळी सुरुवात करण्यापूर्वी ठिपकी आईला विचारते की येतेस का, आणि धाकटी दर वेळी म्हणते की ताई आहे ना. तिचे विचारणे थांबलेले नाही, आणि धाकटीने कधी विचारू नकोस असेही म्हटलेले नाही. मात्र ठिपकी मला हल्ली आरशाच्या मधोमध उभी करीत नाही. थोडी डावीकडे सरक, असे सांगते. चित्रात माझ्या उजव्या हाताला एका माणसापुरती मोकळी जागा राहते. पूर्वी ती अशी जागा अक्षरांसाठी ठेवीत असे. या जागेत ती काहीही लिहीत नाही.